मधोमध शेगडी, भोवती माणसं



आपल्या घरात कुणी "आज बाहेर जेवायला जाऊ" म्हटलं की पहिला विचार खिशाचा येतो. हा विचार सगळ्याच कष्टकऱ्यांना असतो. पण आपल्या मनात त्याच्यामागे आणखी एक विचार दडून बसलेला असतो. तिथं आपल्याला कसं वागवतील? हा दुसरा विचार आपल्याला आजा-पणजांकडून मिळालेला आहे. हॉटेलाच्या दाराबाहेर वेगळी ठेवलेली कानतुटकी कपबशी, चहा पिऊन स्वतःच विसळून पालथी घालायची, हे डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसं आजही आपल्या वस्त्यांमध्ये आहेत.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. परदेशातून शिकून आलेल्या या माणसाला १९१७ साली बडोद्यात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं घेऊन सांगितलं आहे की जातीच्या, धर्माच्या किंवा लिंगाच्या कारणावरून तिथं कुणालाही अडवता येणार नाही. जगातल्या किती घटनांमध्ये हॉटेलाचा उल्लेख असेल? आपल्याला तो करावा लागला. तेव्हा हॉटेलात खुर्ची ओढून बसताना अंग चोरू नका. ती खुर्ची फुकट मिळालेली नाही.

आज मी लिहिते आहे ते एका परदेशी जेवणाविषयी. त्याला कोरियन बार्बेक्यू म्हणतात. परतवाड्याच्या पोरापोरींना कोरिया आता परका राहिला नाही. मोबाईलवर तिथल्या मालिका बघतात, तिथली गाणी गुणगुणतात. मालिकेत चार मित्र भेटले की टेबलाच्या मधोमध मांस भाजताना दिसतात. मुली विचारतात, "हे काय खाऊन राहिले वं?" परतवाड्यात ते मिळत नाही, पण पुण्यात मिळतं. रांजणगावला एल.जी. कंपनीचा कारखाना आहे, इतरही कोरियन कंपन्या पुण्याच्या आजूबाजूला आल्या. त्यांच्याबरोबर कोरियन साहेब लोक आले आणि त्यांच्यासाठी जेवणाची ठिकाणं निघाली. आता तिथं आपली मुलंमुलीही जातात.

माझी भाची पुण्याच्या बाजूला एका कंपनीत नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. पगार झाल्यावर ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेल्या.

टेबलाच्या मधोमध गोल भोक. त्यात शेगडी, वर लोखंडी जाळी, आणि धूर ओढून घ्यायला छताकडून खाली आलेलं धुराडं. बसल्याबरोबर आठ-दहा लहान वाट्या आल्या. तिखट कोबी, मुळा, मोड आलेली कडधान्यं, पालक, लसणाच्या पाकळ्या. याचे वेगळे पैसे नाहीत. संपलं की पुन्हा मागायचं. ही त्यांची रीत आहे. मग कच्च्या मांसाचे काप आले, एक लांब चिमटा आला आणि एक कात्री आली. कात्री कशाला, तर भाजलेलं मांस टेबलावरच कापायला. तिथं सुरी दिसत नाही. ज्याच्या हातात चिमटा, तो सगळ्यांसाठी भाजतो. भाजलेला तुकडा सॅलडच्या हिरव्या पानात ठेवायचा, त्यावर लसूण आणि मिरची-सोयाबीनचा लाल लेप, पानाची पुडी करायची आणि एका घासात तोंडात टाकायची. जिवाभावाच्या माणसाला अशी पुडी करून हातानं भरवतात. घास भरवणं आपल्याला काही नवं नाही.

वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय लहानांनी सुरुवात करायची नाही, असाही तिथला रिवाज. पोरी माझ्याकडे बघत थांबल्या! त्याबरोबर सोजू नावाची दारू घ्यायची पद्धत कोरियात आहे. आम्ही भाजलेल्या जवाचं गार पाणी घेतलं. तेही त्यांच्याकडचंच, आणि पोटाला फार बरं.

आता खरी गोष्ट सांगते. कोरियात या शेगडीवर मुख्यतः गाईबैलाचं आणि डुकराचं मांस भाजतात. बैल कापायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. त्या हॉटेलात डुक्कर आणि कोंबडी होती. आम्ही पाच जणी. एक मैत्रीण मुसलमान, ती डुक्कर खात नाही. एक घरापासून शाकाहारी. भाचीला डुकराचं खाऊन बघायचं होतं. क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग शाकाहारी मुलीनंच वेटरला हाक मारली आणि दुसरी लहान शेगडी, वेगळी जाळी मागितली. तिच्यावर अळंबी, कांदे आणि वांग्याचे काप. कोंबडी वेगळी भाजली, तिचा चिमटा वेगळा ठेवला. डुकराचं सर्वांत शेवटी आलं. एकीनंही नाक मुरडलं नाही, एकीनंही टेबल सोडलं नाही.

मी विचार करत होते. वेगळी जाळी तर पूर्वीही होती. वेगळं भांडं होतं, वेगळी पंगत होती. मग फरक कशात? फरक असा की इथं प्रत्येकीनं स्वतःच्या ताटातलं स्वतः ठरवलं. तिथं दुसऱ्याच्या ताटावरून माणसाची लायकी ठरवत होते. मी अमुक खात नाही, हे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तू अमुक खातोस म्हणून माझ्या शेजारी बसू नको, हे म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही.

रिक्षातून परत येताना भाची हळूच म्हणाली, "मावशी, होस्टेलात पयल्या वर्षी मी डबा लपून खायची. घरून सुकट आणली का खोलीतल्या पोरी खिडक्या उघडत. मंग म्या आणनंच सोडून देल्लं." तिच्या आईला हे अजून माहीत नाही. सुकट नको म्हणते, तर पोरगी शहरात राहून बदलली, असंच आईला वाटतं. अशा किती पोरींनी आपला डबा लपवला असेल?

घरी आल्यावर मी या जेवणाची माहिती काढत गेले. तेव्हा जे हाती लागलं, ते आपल्या प्रत्येक घरात कळायला हवं असं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आज कोरियात मांसाचं एवढं कौतुक आहे. पण ते मांस कापणारी माणसं शेकडो वर्षं तिथली अस्पृश्य होती. त्यांना बेकजोंग म्हणत. जनावरं कापणं, कातडी कमावणं, टोपल्या विणणं ही त्यांची कामं. गावाबाहेर वेगळी वस्ती. घरावर कौलं घालायची नाहीत. रेशमी कपडा घालायचा नाही. इतर पुरुष घालत ती काळी टोपी घालायची नाही. नवरीनं पालखीत बसायचं नाही. दुसऱ्यांच्या लहान पोरांशीसुद्धा अदबीनं बोलायचं. वाचताना वाटत होतं, हे कोरियाचं वर्णन आहे की आपल्याच गावाचं?

१४२३ साली सेजोंग राजानं या लोकांचं जुनं हलकं नाव काढून त्यांना बेकजोंग हे नाव दिलं. बेकजोंग म्हणजे तेव्हा साधे शेतकरी प्रजाजन. हेतू असा की नाव चांगलं मिळालं म्हणजे लोक यांना आपल्यात घेतील. झालं उलटं. लोकांनी नाव घेतलं आणि त्याचीच शिवी केली. नुसतं नाव बदलून माणूस वर येत नाही, हे आपल्यालाही वेगळं सांगायला नको.

१८९४ मध्ये कायद्यानं हा भेद रद्द झाला. पण लोकांच्या मनातून गेला नाही. सोल शहरात एका चर्चमध्ये पाक सोंग-चुन नावाचा बेकजोंग प्रार्थनेला येऊ लागला, तर वरच्या जातीची मंडळी उठून गेली. तो हटला नाही. पुढं तो त्याच समाजात पुढारी झाला, आणि त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ साली कोरियातल्या नव्या वैद्यक विद्यालयाच्या पहिल्या सात पदवीधरांत डॉक्टर म्हणून बाहेर पडला. ज्याच्या बापाच्या स्पर्शाचा विटाळ होत होता, त्याच्या हातून लोक नाडी तपासून घेऊ लागले. शिक्षणाची ताकद ही अशी असते.

१९१० नंतर कोरियावर जपानचं राज्य होतं. सरकारी नोंदवहीत या लोकांच्या नावापुढे खाटीक असल्याची खूण केलेली असे. शाळेत नाव घालायला जा, नोकरी मागायला जा, नोंदवहीचा उतारा दाखवावा लागे आणि दार बंद होई. शेवटी एप्रिल १९२३ मध्ये जिन्जू या गावात त्यांनी संघटना काढली. तिचं नाव ह्योंगप्योंगसा. या नावाचा अर्थ तराजूसारखा समतोल. मांस तोलणाऱ्या माणसांनी आपल्या चळवळीला तराजूचं नाव दिलं! जांग जी-पिल हा त्यांच्यातलाच शिकलेला तरुण आणि कांग सांग-हो हा बेकजोंग नसलेला कार्यकर्ता, असे दोघंही त्यात पुढं होते. विरोधकांनी लगेच त्यांच्या दुकानातलं मांस घ्यायचं नाही असा बहिष्कार पुकारला. पण संघटना देशभर पसरली.

आता आपल्याकडचा काळ जोडून बघा. त्याच वर्षी, ऑगस्ट १९२३ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. मार्च १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं. आणि त्याच सालच्या नोव्हेंबरात आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. हजारो मैलांचं अंतर, भाषा वेगळी, तरी माणसं एकच गोष्ट मागत होती. दया नको, बरोबरी द्या.

पुढं काय झालं? जपानी राजवट गेली, १९५० ते १९५३ या काळात मोठं युद्ध झालं. लाखो माणसं गावं सोडून पळाली, शहरांत मिसळली. कोण कुणाचा मुलगा हे विचारायला कुणी उरलं नाही. लग्नं होत गेली. आज कोरियात बेकजोंग म्हणून वेगळी ओळखता येईल अशी जमात राहिलेली नाही. इतकंच नव्हे, कांग हो-दोंग नावाच्या एका माजी पहिलवानानं, जो पुढं दूरदर्शनवरचा मोठा कलाकार झाला, आपल्या नावानं बार्बेक्यूची हॉटेलं काढली तेव्हा पाटीवर शब्द लिहिला "बेकजोंग"! ही हॉटेलं अमेरिकेत लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कपर्यंत गेली. जो शब्द एके काळी शिवी होता, त्या पाटीखाली लोक रांगा लावून जेवले.

हे वाचून आनंद होतो, पण मनात एक प्रश्नही राहतो. त्या पाटीकडे बघून किती जणांना जिन्जूची ती माणसं आठवत असतील? भेद मिटला हे उत्तम. पण भेदाशी लढलेल्यांची आठवण मिटू नये.

आणि आपलं काय? आपल्याकडे युद्धानं कुणाची नोंदवही जाळली नाही. आपल्याकडे नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनावावरून समजलं नाही तर गाव विचारतात, गावानंही भागलं नाही तर मामाचं आडनाव विचारतात. हॉटेलात एका टेबलावर बसायला आता कुणाची हरकत नसते. ऑफिसातली मंडळी, कॉलेजातले मित्र सर्रास एकत्र जेवतात. पण तोच मित्र आपल्या घरी येतो का? आपण त्याच्या घरी गेलो तर स्वयंपाकघरापर्यंत जातो का? बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात हेच स्पष्ट केलं होतं की नुसत्या सहभोजनानं जात जाणार नाही, रक्ताचं नातं जुळलं पाहिजे. ते भाषण मंडळानं होऊ दिलं नाही, बाबासाहेबांनी स्वखर्चानं छापलं. एका शेगडीभोवती बसणं ही पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीवरच जन्मभर बसून राहू नये, आणि ती पायरी कमीही लेखू नये.

आता खर्चाचं बोलू. आमचं पाच जणींचं बिल चार हजारांच्या वर गेलं. परतवाड्यात मजुरीला जाणाऱ्या माणसाची ही आठ-दहा दिवसांची कमाई. एवढे पैसे घालवून वर्षातून एकदा मुलांना नवं काही दाखवलं तर ती उधळपट्टी नाही, पण कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका. कारण खरं सांगायचं तर ही मजा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. हिवाळ्यात वावरात किंवा सापन नदीच्या काठी आपण रोडग्यांची पार्टी करतो, ती दुसरं काय असते? गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे, एका गंजात वांग्याची भाजी, कुणी कणीक आणली, कुणी तूप आणलं, कुणी नुसतीच लाकडं गोळा केली, आणि सगळे आगीभोवती. कोरियन माणसाला आपल्या रोडग्यांना बोलावलं तर तो घरच्यासारखा बसेल!

तरी पोरांची हौस म्हणून अंगणातच हा प्रकार करायचा असेल तर करता येतो. मायबहिणींसाठी थोडक्यात सांगते.

बिनहाडाच्या कोंबडीचे पातळ काप करा. त्याला ठेचलेलं लसूण-आलं, चिमूटभर कच्च्या पपईचा कीस, थोडा गूळ, भाजून कुटलेले तीळ आणि चार चमचे सोया सॉस लावून तासभर ठेवा. लाल मिरची पूड, गूळ, तीळ आणि थोडं व्हिनेगर एकत्र करून लेप करा. मूळ लेप मिरची, तांदूळ आणि आंबवलेल्या सोयाबीनचा असतो, त्याची चव निराळी. गंमत बघा, सोयाबीन अमरावती-अकोल्याच्या शेतात ढिगानं पिकतं आणि आपण ते तेलाच्या कारखान्यांना विकून मोकळे होतो. कोरियन बाया तेच शिजवून, कुटून, त्याच्या विटा करून वाळवतात आणि वर्षभर पुरवतात. कोबी चिरून दोन तास मीठ लावून ठेवा, धुऊन पिळा, मिरची-लसूण-आलं चोळून बरणीत एक दिवस ठेवा, म्हणजे झाली साधी किमची. कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर शेजारपाजारच्या बाया एकत्र जमून वर्षाची किमची घालतात आणि एकमेकींना वाटतात. २०१३ साली युनेस्कोनं या प्रथेला जगाच्या वारशात स्थान दिलं. आपल्या गल्लीतल्या बाया उन्हाळ्यात कुरडया-पापड घालतात, त्याची ही बहीणच. मांस न खाणाऱ्यांसाठी वांग्याचे काप, कांदे, अळंबी, मक्याची कणसं ठेवा. पुडी करायला कोबीची कोवळी पानं गरम पाण्यातून काढून घ्या.

तीन गोष्टी मात्र विसरू नका. कोळशाची शेगडी अंगणातच पेटवा, बंद खोलीत कधीच नको. कोळशातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि थंडीत दार लावून शेगडीजवळ झोपलेली माणसं त्यानं दगावतात. कच्च्या मांसाचा चिमटा आणि भाजलेल्याचा चिमटा वेगळा ठेवा. आणि डुकराचं मांस असेल तर आतपर्यंत पूर्ण भाजल्याशिवाय कुणाला देऊ नका. अर्धकच्च्या मांसातून पोटात जंत जातात.

माझ्या भाचीनं त्या जेवणानंतर एक गोष्ट केली. पुढच्या खेपेला घरून निघताना आईला म्हणाली, "सुकट बांधून दे, जास्त बांध." शाकाहारी मैत्रिणीला अर्थातच ती नको होती. पण ज्या दिवशी डबा उघडला, त्या दिवशी तीही शेजारी बसून आपली भाजी-पोळी खात होती, आणि खोलीची खिडकी कुणी उघडली नाही.

वाचकहो, तुमच्या मुलामुलींना एकदा विचारा, तुमचा डबा तुम्ही उघडपणे खाता का? आणि तुम्ही स्वतःला विचारा, आपल्या ओळखीचं असं कोण आहे, ज्याच्याबरोबर आपण हॉटेलात चहा दहादा प्यालो, पण ज्याला एकदाही घरी बोलावलं नाही? येत्या रविवारी शेगडी अंगणात काढाल, तेव्हा पहिली हाक त्याला मारा.